भागाकाराची बाकी

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालपत्रांत ‘मुंबई शहर उत्तर’ या लोकसभा मतदारसंघाचा तक्ता आहे. त्यातली वरची चार नावे अशी : विठ्ठल बाळकृष्ण गांधी, काँग्रेस, १,४९,१३८ मते. अशोक मेहता, समाजवादी पक्ष, १,३९,७४१. नारायण सदोबा काजरोळकर, काँग्रेस, १,३७,९५०. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, १,२३,५७६. त्यांच्याखाली कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे, ९६ हजारांच्या वर. दोन जागा भरायच्या होत्या. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार निवडून आला आणि तिसऱ्या क्रमांकाचाही. दुसऱ्या क्रमांकाचे अशोक मेहता पडले.

काजरोळकरांचा आकडा काही ठिकाणी १,३८,१३७ असाही छापलेला आहे. दोन्हींपैकी कोणताही धरला तरी क्रम बदलत नाही. मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मते होती आणि तरी ते लोकसभेत गेले नाहीत. ही छपाईतली चूक नव्हे की मोजणीतली लबाडीही नव्हे. त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे निकाल अगदी बरोबर लागला होता.

या तक्त्याकडे आपण बहुतेक वेळा ‘बाबासाहेबांचा पराभव’ म्हणून पाहतो. ते खरेच आहे. पण तो आणखी एका गोष्टीचा पुरावा आहे. मतदारसंघाची सीमा न्याय्य आखायची म्हणजे काय, या प्रश्नाला स्वतंत्र भारताने दिलेले पहिले उत्तर त्यात नोंदलेले आहे. ते उत्तर दहा वर्षे टिकले, मग दुसरे आले, त्यानंतर तिसरे. कायद्याची कलमे, सीमांकनाचे आदेश, निकालपत्रे आणि न्यायालयाचे निवाडे एकापुढे एक मांडले की दर उत्तराबरोबर तोटा कोणाच्या नावे लिहिला गेला, ते वाचता येते.

*

एका मतदारसंघातून दोन प्रतिनिधी, ही कल्पना १९५० मध्ये नवी नव्हती. तिचे मूळ पुणे करारात आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात झालेल्या त्या कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांतल्या राखीव जागा आल्या. प्रांतिक कायदेमंडळांत मिळून १४८. दर राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांची निवड करायची आणि त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचे, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था ठरली.

करारात जागा ठरल्या, पण त्या जमिनीवर कुठे बसवायच्या हे ठरायचे होते. १९३५ चा कायदा झाल्यावर ते काम सर लॉरी हॅमंड यांच्या समितीकडे आले. समितीपुढे केवळ हद्दींचा प्रश्न नव्हता. एका मतदारसंघात एकाहून जास्त जागा असतील तर मतदाराने आपली मते कशी द्यायची, हाही होता. दोन रीती समोर होत्या. एक, मतदाराला जितकी मते तितके वेगवेगळे उमेदवार, एकाला एकच मत. दुसरी, सगळी मते हवी तर एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा. पहिल्या रीतीत बहुसंख्य समाज आपली उरलेली मते राखीव जागेच्या उमेदवारांतही वाटू शकतो आणि त्यांच्यातला कोण यावा हे ठरवू शकतो. दुसरीत अल्पसंख्य समाज आपली सगळी ताकद एका माणसामागे उभी करू शकतो.

मुंबई प्रांतात दुसरी रीत आली. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ पैकी १५ जागा राखीव होत्या. त्या निवडणुकीत मुंबई शहरातून आंबेडकर निवडून आले आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने प्रांतात चांगले यश मिळवले. शहर तेच होते, नेता तोच होता. पंधरा वर्षांनी त्याच शहरात निकाल उलटा लागला, तेव्हा मते देण्याची रीत बदललेली होती.

*

स्वतंत्र भारताच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १९५१ च्या भागात कलम ६३ होते. एकाहून अधिक सदस्यांच्या मतदारसंघात मतदाराला जागांइतकी मते असतील, पण एका उमेदवाराला एकाहून जास्त मत देता येणार नाही, असे ते सांगत होते. दिलेच, तर एकच मोजायचे, बाकीची बाद. त्याच्याच जोडीला कलम ५४. राखीव जागा असलेल्या मतदारसंघात निकाल जाहीर करताना निर्वाचन अधिकाऱ्याने आधी राखीव जागेला पात्र उमेदवारांत सर्वाधिक मते कोणाला हे पाहायचे, त्याला त्या जागेवर निवडून आल्याचे जाहीर करायचे आणि मग उरलेल्यांतून सर्वाधिक मतांचा उमेदवार दुसऱ्या जागेवर घ्यायचा.

पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांत विभागल्या होत्या. ३१४ मतदारसंघ एका सदस्याचे, ८६ दोन सदस्यांचे आणि पश्चिम बंगालमधला उत्तर बंगाल हा एक तीन सदस्यांचा. म्हणजे ४०१ पैकी ८७ ठिकाणी मतदाराच्या हातात एकापेक्षा जास्त मते होती.

या हद्दी आखल्या कोणी? १९५० च्या कायद्याने हे काम राष्ट्रपतींच्या आदेशाने व्हायचे होते. निवडणूक आयोगाने प्रस्ताव करायचे, प्रत्येक राज्यासाठी नेमलेल्या खासदारांच्या सल्लागार समितीने ते पाहायचे, मग आदेश संसदेपुढे ठेवायचे. संसदेला त्यात बदल करण्याचा अधिकार होता आणि तिने तो वापरला. आता त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी अनेकांना पुढच्या निवडणुकीला उभे राहायचे होते. आपल्याच शेताची मोजणी करायला आपल्याच हातात साखळी, असा हा प्रकार. पक्ष आणि उमेदवार, दोघेही असमाधानी राहिले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने सरकारला सुचवले की पुढचे सीमांकन स्वतंत्र मंडळाकडे द्यावे आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. १९५२ संपता संपता सीमांकन आयोगाचा पहिला कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एन. चंद्रशेखर अय्यर त्या आयोगाचे अध्यक्ष होते.

*

आता पुन्हा मुंबई उत्तरच्या तक्त्याकडे. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. मेहता सर्वसाधारण जागेसाठी, आंबेडकर राखीव जागेसाठी. युतीच्या मतदाराने एक मत मेहतांच्या पेटीत आणि दुसरे आंबेडकरांच्या पेटीत टाकावे, हा हिशेब. त्या निवडणुकीत उमेदवारागणिक स्वतंत्र मतपेटी होती, पेटीवर निवडणूक चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, ती योग्य पेटीत टाकायची एवढेच. दोन सदस्यांच्या मतदारसंघात मतदार दोन मतपत्रिका घेऊन पडद्याआड जात असे.

मेहता आणि आंबेडकर यांच्या मतांत १६,१६५ चा फरक आहे. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्यांपैकी निदान १६,१६५ जणांनी आपले दुसरे मत आंबेडकरांना दिले नाही. ‘निदान’ म्हणायचे कारण एवढेच की काहींनी आंबेडकरांना देऊन मेहतांना वगळले असेल, तर हा आकडा वाढतो, कमी होत नाही. दुसऱ्या बाजूला गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११,१८८ चा फरक. तिथेही काँग्रेसच्या निदान इतक्या मतदारांनी आपल्याच पक्षाच्या राखीव उमेदवाराला दुसरे मत दिले नाही. दोन्ही जोड्यांत राखीव जागेचा उमेदवार आपल्या जोडीदाराच्या मागे पडलेला दिसतो.

आंबेडकर काजरोळकरांच्या मागे राहिले ते १४,३७४ मतांनी, दुसरा आकडा धरला तर १४,५६१ मतांनी. दोन्ही संख्या १६,१६५ पेक्षा लहान आहेत. मित्रपक्षाच्या मतपेटीतून जी मते पुढे सरकली नाहीत, ती पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. ती मते डांग्यांकडे गेली, इतर कोणाकडे गेली की पेटीबाहेरच राहिली, हे बेरजेच्या तक्त्यावरून कळायचे नाही, कारण मत गुप्त असते. आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. बाद झालेल्या ७४,३३३ मतपत्रिकांचा प्रश्न त्यात होता. निकाल मात्र बदलला नाही. आंबेडकर त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

१९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हाच प्रयोग पुन्हा झाला. मतदारसंघ दोन सदस्यांचा, जोडी तीच. मेहता निवडून आले, आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. मुंबईत कलम ५४ ने मेहतांना अडवले होते, भंडाऱ्यात त्यांना वाट मोकळी मिळाली. आंबेडकरांना दोन्हीकडे सर्वांचे दुसरे मत लागत होते आणि दोन्हीकडे ते पुरे पडले नाही. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतल्या राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. आधीचे दोन निकाल पाहिल्यावर तो ठराव नुसत्या रागातून आलेला वाटत नाही.

याच रीतीने उलटे फळही दिले. १९५७ मध्ये मुंबई शहर मध्य हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत तिथून डांगे निवडून आले आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी शेजारच्याच मतदारसंघात आंबेडकरांच्या विरोधात उभे असलेले डांगे आता फेडरेशनच्या उमेदवाराचे जोडीदार होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने मतदाराची दोन्ही मते एका बाजूला आणली होती.

*

त्याच १९५७ मध्ये आंध्रच्या उत्तर टोकाला पार्वतीपुरम या मतदारसंघात या रीतीने दुसरेच रूप दाखवले. तिथली एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. उमेदवार चार : दोन आदिवासी, दोन बिगरआदिवासी. बिद्दिका सत्यनारायण यांना १,२६,७९२ मते पडली, दिप्पल सूरी दोरा यांना १,२४,६०४, वराहगिरी वेंकट गिरी यांना १,२४,०३९. चौथे त्यांच्याही मागे. गिरी म्हणजे केंद्रातले माजी कामगारमंत्री आणि पुढे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाले तेच.

कलम ५४ लावून पाहा. आधी राखीव जागा : आदिवासी उमेदवारांत सर्वाधिक मते सत्यनारायण यांना, त्यांना ती मिळाली. मग उरलेल्यांतून सर्वाधिक : दोरा. दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांकडे गेल्या आणि गिरी ५६५ मतांनी बाहेर राहिले. गिरींचे म्हणणे असे की दोरा यांनी राखीव जागेसाठी उमेदवारी केली होती, मग त्यांना सर्वसाधारण जागा कशी देता येईल?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५९ मध्ये बहुमताचा निवाडा न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. निवाड्याचा आशय सरळ आहे. मतदारसंघ एक, मतदारयादी एक. त्यात ‘राखीव उमेदवार’ आणि ‘सर्वसाधारण उमेदवार’ अशा दोन वेगळ्या जाती नाहीत. आपण अनुसूचित जमातीचे आहोत असे जाहीर केल्याने उमेदवाराला राखीव जागेचा जादा हक्क मिळतो, पण सर्वांसाठी खुल्या जागेवरचा त्याचा हक्क त्यामुळे संपत नाही. गिरी हरले.

मुंबई आणि पार्वतीपुरमचे तक्ते शेजारी ठेवले की कलम ५४ चे दोन्ही चेहरे दिसतात. मुंबईत तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आत गेला आणि दुसरा बाहेर राहिला. पार्वतीपुरमला क्रमांकाप्रमाणेच निकाल लागला आणि त्यालाच आव्हान मिळाले. राखीव जागा म्हणजे खालची हद्द, वरची नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. कायदा म्हणून ते निर्दोष होते. पण ‘दोनपैकी एक जागा आपली’ असे धरून चाललेल्या पक्षांना त्यातला अर्थ लगेच कळला.

*

१९६१ मध्ये संसदेने दोन सदस्यांचे मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला. तोवर लोकसभेच्या ४९४ जागांपैकी १८२ जागा अशा ९१ मतदारसंघांत होत्या. निवडणूक आयोगाने प्रत्येकाचे दोन तुकडे करायचे आणि त्यांतला एक राखीव ठरवायचा. अनुसूचित जातींच्या बाबतीत, त्यांची वस्ती ज्या तुकड्यात अधिक दाट असेल तो. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पटण्यासारखेच होते. दुप्पट आकाराचा मतदारसंघ पिंजून काढणे उमेदवाराला परवडत नाही, प्रतिनिधी नेमका कोणाचा हे मतदाराला कळत नाही. १९६२ ची निवडणूक एका जागेच्या मतदारसंघांतच झाली.

इथे प्रश्नाचा मुक्काम हलला. दोन सदस्यांच्या मतदारसंघात दलित आणि सवर्ण मतदार एकाच हद्दीत होते, दोघांनाही दोन मते होती, आणि तंटा मते मोजण्याचा होता. आता तंटा हद्दीचा झाला. रेघेच्या एका बाजूला केवळ अनुसूचित जातीचा उमेदवार उभा राहू शकतो, तर दुसऱ्या बाजूच्या दलित मतदाराला राखीव जागेचा लाभच नाही.

१९६२ च्या सीमांकन आयोग कायद्यातल्या कलम ९ मध्ये या रेघेचे नियम आहेत आणि पुढच्या कायद्यांनीही तेच उचलले. मतदारसंघ शक्यतो सलग असावा. डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय ध्यानात घ्यावी. विधानसभेचा मतदारसंघ पूर्णपणे लोकसभेच्या एकाच मतदारसंघात बसावा. अनुसूचित जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वाधिक असेल तिथे ठेवाव्यात. अनुसूचित जातींच्या जागा मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात आणि शक्यतो त्यांचे प्रमाण तुलनेने मोठे असेल तिथे.

शेवटच्या दोन वाक्यांतला फरक सहज नजरेतून सुटतो. आदिवासी वस्ती डोंगरपट्ट्यांत एकवटलेली असते, तिथे सर्वाधिक प्रमाणाचा निकष लागू पडतो. दलित वस्ती गावोगावी असते. सर्वाधिक प्रमाण हा एकच निकष लावला तर सगळ्या राखीव जागा दोन-चार जिल्ह्यांत जमा होतील. म्हणून विखुरणी. पण विखुरणी म्हटली की निवड आली, आणि निवड आली की ‘आमचाच मतदारसंघ का?’ हा सवाल आला.

तो सवाल उज्जैनमधून न्यायालयात गेला. जुलै १९६४ मध्ये सीमांकन आयोगाच्या आदेशाने उज्जैनची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. तिथल्या एका रहिवाशाने, ज्याला स्वतः उभे राहायचे होते, आदेशाला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ते फेटाळले. आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ चा आणि १९६२ च्या कायद्यातल्या कलम १० चा : आयोगाचा आदेश राजपत्रात छापला गेला की त्याला कायद्याचे बळ येते आणि कोणत्याही न्यायालयात त्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही. आदेश लोकसभेच्या पटलावर ठेवायचा असतो, पण सभागृहाला त्यात काडीचाही बदल करता येत नाही. असे नसते तर दर हद्दीचा खटला होऊन निवडणुकाच लांबल्या असत्या, हे न्यायालयाचे कारण व्यवहाराचे होते.

१९५१ मध्ये ज्यांना निवडणूक लढवायची त्यांनाच हद्द बदलता येत होती. १९६६ पर्यंत ती खासदाराला बदलता येईना आणि न्यायाधीशालाही. पक्षपाताला घातलेला हा बांध होता, आणि तक्रारीची वाटही त्यानेच बुजवली. ती पुन्हा किंचित मोकळी झाली ती २०२४ मध्ये. गुजरातेतल्या बारडोली मतदारसंघाच्या आरक्षणाला दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दारातूनच परत पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सीमांकनाचा आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर तो तपासायला न्यायालयाला पूर्ण मज्जाव आहे असे नाही. बारडोलीची हद्द आणि आरक्षण मात्र होते तिथेच राहिले.

*

महाराष्ट्राने या साऱ्याचा मोठा अनुभव घेतला तो गेल्या सीमांकनात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची राज्यवार वाटणी गोठवली होती. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. म्हणून २००२ मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाला राज्याच्या जागा वाढवता-घटवता येत नव्हत्या. लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ हे आकडे पक्के. त्यांच्या आत, २००१ च्या जनगणनेवर, सगळे नव्याने वाटायचे. सोबत राज्याचे दहा सहयोगी सदस्य, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना बोलण्याचा अधिकार होता, मतदानाचा नव्हता. १९५१ चा धडा कायद्यात इथवर उतरला होता.

राज्याची लोकसंख्या २८८ ने भागली की एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. हा आकडा हातात घेऊन जिल्ह्यांवरून नजर फिरवा. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१. भागाकार दहाच्या जरा खाली. शहराला आधी १७ आमदार होते, ते १० झाले. उपनगरे १७ वरून २६ वर गेली, ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर, विदर्भ ६६ वरून ६२ वर आला. गिरणगाव ओसरला, माणसे वसई-विरार, कल्याण, ठाणे इकडे सरकली. माणसे आधीच गेली होती, जागा तीस वर्षांनी त्यांच्या मागून गेल्या.

राखीव जागांची विखुरणीही इथेच दिसते. लोकसभेच्या अनुसूचित जातींच्या जागा ३ वरून ५ झाल्या. बुलढाणा आणि उस्मानाबाद खुले झाले आणि पंढरपूर नावाचा मतदारसंघच संपला. पंढरपूर शहर सोलापूर मतदारसंघात गेले आणि शेजारी माढा हा नवा खुला मतदारसंघ उभा राहिला. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर राखीव झाले. पंढरपुरातून दोनदा निवडून आलेले रामदास आठवले २००९ मध्ये शिर्डीत उभे राहिले आणि पडले.

आणि मावळ. आदेशाच्या पानावर हा मतदारसंघ सहा नावांचा आहे : पनवेल, कर्जत, उरण, मावळ, चिंचवड, पिंपरी. पहिले तीन रायगड जिल्ह्यात, घाटाखाली. शेवटचे तीन पुणे जिल्ह्यात, घाटावर. मध्ये बोरघाट. भौगोलिक रचना ध्यानात घ्यावी असे सांगणाऱ्या कलमाखाली आखलेल्या मतदारसंघाच्या मधून सह्याद्री जातो. कोणाच्या तरी सोयीसाठी हे झाले असेल, अशी शंका येणे साहजिक आहे. आधी बेरीज करून पाहू.

विधानसभेच्या जागा लोकसभेच्या जागांच्या पटीत हव्यात, विधानसभेचा मतदारसंघ फुटता कामा नये आणि महाराष्ट्रात २८८ भागिले ४८ म्हणजे दर खासदारामागे सहा आमदार. आता कोकण घ्या. रायगडचे ७ आमदार, रत्नागिरीचे ५, सिंधुदुर्गचे ३. एकूण १५. दक्षिणेकडून मोजायला लागू. सिंधुदुर्गचे तीन आणि रत्नागिरीचे तीन : चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. झाला रत्नागिरी-सिंधुदुर्ग. रत्नागिरीचे उरले दोन, दापोली आणि गुहागर. त्यांना रायगडचे पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड जोडले. झाला रायगड. उरले तीन : पनवेल, कर्जत, उरण. उत्तरेला ठाणे जिल्हा, त्याचे २४ म्हणजे सहाचे नेमके चार गट, तिथे जागा नाही. मुंबईचे ३६ म्हणजे सहा गट, तिथेही नाही. पूर्वेला घाटावर पुणे जिल्हा, त्याचे २१. पुणे, बारामती आणि शिरूर यांत १८ बसले. उरले तीन.

तीन आणि तीन सहा. जनगणना, सहाचा गट आणि न फुटणारे आमदारकीचे मतदारसंघ या तीन नियमांनी तो डोंगर ओलांडला. दुसरीकडून मोजायला घेतले असते तर बाकी दुसरीकडे उरली असती, कदाचित चिपळुणात, कदाचित जुन्नरात. पण उरली असतीच, कारण पंधराला सहाने भाग जात नाही. हा हिशेब आयोगाच्या हेतूबद्दल काही सिद्ध करत नाही. दाखवतो इतकेच, की सगळे नियम पाळूनही कोणाच्या तरी पदरात बाकी पडतेच आणि ती कोणाच्या, हे ठरवायला नियमांत कलम नाही.

ही ओळख पटली की मागचे तक्ते पुन्हा वाचावेसे वाटतात. १९५२ मध्ये बाकी अशोक मेहतांच्या पदरात पडली, कारण राखीव जागा आधी भरायची होती. आंबेडकरांच्या पदरात पडली, कारण दोन मते एकाला देण्याची १९३७ ची मुभा गेली होती. १९५७ मध्ये गिरींच्या, १९६४ मध्ये उज्जैनच्या त्या रहिवाशाच्या, २००९ मध्ये जुन्या पंढरपूर मतदारसंघाच्या. दर वेळी भाजक बदलला आणि बाकी नव्या दारात जाऊन उभी राहिली.

पुढचे सीमांकन २०२६ नंतरच्या जनगणनेवर बेतलेले असेल. पन्नास वर्षे गोठलेल्या जागा पुन्हा राज्याराज्यांत वाटल्या जातील की नाही, यावर तेव्हा मोठा वाद होईल आणि तो व्हायलाच हवा. पण मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवल्या जातात, सहयोगी सदस्यांची भिन्न मते त्यासोबत छापली जातात आणि जाहीर सुनावणी होते. आदेश राजपत्रात येण्याआधीची ती शेवटची खिडकी. तिथे जाताना नकाशाबरोबर जिल्ह्यांचा भागाकारही कागदावर करून न्यावा. उरण आणि चिंचवड एकाच खासदाराच्या यादीत का आले, ते नकाशात दिसत नाही, बेरजेत दिसते.